चिंगीची झोप

"दोन घरचा पाहुणा उपाशी, एवढं लक्षात ठेव," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि चिंगीची आई हसली होती.

प्रवेश मिळाल्याची बातमी त्याच दिवशी आली होती. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांना बातमी सांगायची म्हणजे आधी कोर्सचं नाव सांगावं लागणार, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

"आई, दोन नाहीत हो, तीन. मला तीन मार्गदर्शक आहेत. एक डॉक्टर, एक इंजिनिअर आणि एक संख्याशास्त्राच्या बाई. आंतरविद्याशाखीय आहे ना."

"काय शाखीय?"

"आंतर-विद्या-शाखीय. जैववैद्यकीय संशोधन. म्हणजे वेगवेगळ्या विषयांची मोठमोठी माणसं एकत्र येतात आणि..."

"म्हणजे तीन घरं." सासूबाईंनी चार दाणे तोंडात टाकले. "तीन घरी जेवायला सांगून ठेवलंस. प्रत्येक घरचे म्हणणार, तिकडे जेवून आली असेल. आणि तू बसशील रस्त्यात पोट धरून."

"तुमचा काळ वेगळा होता, आई."

उत्तर सुचलं नाही की हे वाक्य वापरायचं, अशी त्या घरातली रीत होती. नवराही आईशी बोलताना तेच वापरी. सासूबाईंनी खांदे उडवले आणि मटार मोजावेत तसे निवडत राहिल्या. हिने पदर खोचला आणि पदव्युत्तर झाली.

तेव्हा चिंगी पोटातसुद्धा नव्हती, तर हिला चिंगीची आई कसं म्हणायचं, असं कुणी विचारेल. पण पुढे त्या संस्थेत हिचं स्वतःचं नाव कुणी घेईना, शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे चिंगीची आईच म्हणू लागले. तेव्हा आपणच कशाला वेगळी चूल मांडा.

संस्था मोठी झोकदार. बाहेरून सगळी काच. दाराशी भिंतभर अक्षरांत लिहिलेलं की इथे ज्ञानाला भिंती नाहीत. आत शिरलं की प्रत्येक मजल्याला वेगळं कुलूप आणि प्रत्येक कुलपाला वेगळं कार्ड. डॉक्टरांच्या मजल्याचं कार्ड इंजिनिअरांच्या मजल्यावर चालत नसे, आणि आकडेवाल्यांच्या मजल्यावर कुणाचंच चालत नसे. त्या इमारतीत खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे तळमजल्यावरचं चहाचं मशीन. ते तिन्ही विभागांना सारखाच कोमट चहा देई.

हिचे तीन मार्गदर्शक म्हणजे तीन तऱ्हा. डॉक्टरसर बाळांच्या मेंदूचे तज्ज्ञ. मेंदू त्यांना पाठ होता, बाळांशी मात्र संबंध सुटून बराच काळ लोटला होता. एखादं बाळ समोर आलंच तर ते आधी त्याच्या आईकडे रिपोर्ट मागत आणि रिपोर्टकडे बघून हसत. इंजिनिअरसरांना विद्यार्थी पाठीमागे तारवाले सर म्हणत. त्यांनी मऊ कापडाची एक टोपी बनवली होती. तिच्या आत बारीक बारीक तारा, बाळाच्या डोक्याला घातली की मेंदूच्या लहरी पडद्यावर उमटत. टोपीवर त्यांचा जीव. टोपीच्या आत जे वळवळतं त्याला ते "लोड" म्हणत. आणि तिसऱ्या सरासरीबाई. त्यांना एका माणसावर विश्वास ठेवणं मुळातच जमत नसे, शंभर आणा म्हणत. नवऱ्यावर कसा ठेवला, देव जाणे.

तिघांची एकत्र मीटिंग म्हणजे बघण्यासारखा सोहळा. डॉक्टरसर बोलायला लागले की तारवाले सर फोन बघत. तारवाले सर बोलायला लागले की डॉक्टरसर आदरपूर्वक डोळे मिटत. सरासरीबाई दोघांचं ऐकून "पण किती?" एवढंच विचारत. तिघांचं एकमत व्हायचं ते फक्त पुढच्या मीटिंगच्या तारखेवर, आणि तीही मोडायची.

विषय मात्र चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. रुग्णालयाच्या वॉर्डात तान्ह्या बाळांच्या आसपास यंत्रं सारखी किंचाळत असतात, दारं आपटतात, ट्रॉल्या खडखडतात. या गोंगाटाने बाळांची झोप किती मोडते, ते टोपी घालून मोजायचं. बाळ झोपलं की खोलीतल्या स्पीकरवर वॉर्डातले ते सगळे आवाज लावायचे आणि लहरी कशा हलतात ते बघायचं. पण मोडकी झोप ओळखायची तर आधी धड झोप कशी असते ते ठाऊक हवं. म्हणजे निरोगी बाळं हवीत. आणि रुग्णालय देतं ती आजारी बाळं.

इथे त्या संस्थेची एक जुनी रीत कामी आली. तिथे निरोगी माणूस हवा असला की बाहेर शोधायला कुणी जात नसे. जो हाताशी असेल तो निरोगी. रक्त हवं, विद्यार्थ्याची बाही वर करा. थुंकी हवी, विद्यार्थ्याचं तोंड उघडा. वर्षानुवर्षं अर्धवट झोपलेली, कोमट चहावर जगणारी, डोकेदुखीच्या गोळ्या खिशात बाळगणारी ही पोरं, त्यांच्या रक्तावरून तिथे माणसाची सुदृढ प्रकृती ठरत आली होती. तपासून कुणी घेतलं नव्हतं. तपासतात आजारी माणसांना. निरोगी माणसाचं काय तपासायचं?

तेव्हा चिंगी नुकती गुबगुबीत होऊ लागली होती.

"तुमचंही बाळ आहे की," डॉक्टरसर म्हणाले.

"आहे ना, सर!" चिंगीची आई म्हणाली, आणि म्हणताना तिला अभिमान वाटला. तो वाटलाच, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

परवानगी समितीने मान डोलावली आणि तीन निरोगी बाळं गोळा झाली. ग्रंथपालबाईंचा मुलगा, तारवाल्या सरांची पुतणी आणि चिंगी. ग्रंथपालबाईंचा मुलगा ट्रॉलीच्या पहिल्याच खडखडाटाला दचकला आणि हातपाय ताणून रडू लागला. सरांच्या पुतणीने दार आपटल्याचा आवाज ऐकून जी किंकाळी फोडली, तिने टोपीची एक तार निसटली.

"ही आमच्या भावावर गेलीय," तारवाले सर खजील होऊन म्हणाले. "तोही असाच आरडाओरडा करतो."

चिंगी मात्र झोपली ती झोपली. यंत्रं किंचाळली, चिंगी झोपलेली. दारं आपटली, चिंगी झोपलेली. स्पीकरचा आवाज शेवटपर्यंत चढवला, तिने ओठ चोखले आणि कूस बदलली. पडद्यावरची लहर संथ, एकसारखी, कुठे खळगा नाही की उंचवटा नाही.

"अहाहा," तारवाले सर म्हणाले. "काय स्वच्छ सिग्नल आहे!"

"हिला म्हणतात निद्रास्थैर्य," डॉक्टरसर म्हणाले आणि तो शब्द लगेच वहीत लिहून घेतला, कारण तो त्यांनीच त्या क्षणी बनवला होता.

उरलेल्या दोघांचं काय करायचं, हा प्रश्न सरासरीबाईंनी सोडवला. दचकणं हा गोंधळ आहे, असं त्या म्हणाल्या, आणि गोंधळ वगळायचा असतो. अशा रीतीने दोन ऐकणारी बाळं "अस्वस्थ" या रकान्यात गेली आणि चिंगी झाली नॉर्मल. नुसती नॉर्मल नाही. तिची लहर हीच मोजपट्टी. जे बाळ चिंगीसारखं झोपेल ते उत्तम, पडद्यावर हिरवा दिवा. जे दचकेल त्याला लाल.

मग काय विचारता! चिंगीचा टोपीतला फोटो मोठा करून जिन्यात लावला. पाहुणे आले की त्यांना तो दाखवत. चिंगीची आई जिन्यातून जाताना नजर खाली घाली, पण पावलं हळू टाकी.

तशी ती काळजीखोर होती, साधीसुधी नाही. बाळाची छाती वरखाली होतेय ना, ते बघायला रोज किती वेळा वाकायची त्याला गणती नव्हती. नवरा म्हणायचा, "अगं, तू जगू देशील का तिला?" शी पिवळी का, हिरवी का, पापणी का फडफडली, डाव्या पायाचा अंगठा सारखा का हलतो. अशी बाई. पण झोपेबद्दल तिला कधी शंका आली नाही, कारण झोपेचं तर खुद्द संस्थेने प्रमाणपत्र दिलं होतं. ज्या गोष्टीचं कौतुक होतं तिची काळजी कोण करतं?

शंका आली ती चोरपावलांनी. वरच्या घरात भिंत फोडायचं काम निघालं. ड्रिलच्या घरघरीने सासूबाई वैतागून खिडक्या लावत फिरत होत्या, आणि चिंगी दुपट्यात गाढ. ओट्यावरून मोठ्या पातेल्याचं झाकण पडलं, फरशीवर गरागरा फिरत बसलं. स्वतः चिंगीची आई दचकली. चिंगी नाही. पण तीच चिंगी, पलंगावर कुणी अलगद टेकलं की डोळे उघडी. पडदा सरकवला, उजेड पडला, की उठे. समोरून तोंड दिसलं की खुदकन हसे, आणि मागून उचललं की अशी दचके, जशी आई आकाशातून पडली.

"अगदी तुझ्या सासऱ्यांवर गेलीय," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनाही माझं काही ऐकू येत नसे."

दोघी हसल्या. पण चिंगीच्या आईच्या हसण्याचा शेवट नीट झाला नाही.

आणि मग संस्थेत आगीची तालीम झाली.

भर दुपारची वेळ. चिंगी लहरी नोंदवायच्या खोलीत झोपली होती, टोपी काढून बाजूच्या टेबलावर ठेवलेली. तारवाले सर तिथेच तारा पुसत बसले होते, म्हणून चिंगीची आई चहाच्या मशीनपर्यंत गेली होती. तेवढ्यात भोंगा सुरू झाला. साधासुधा नव्हे, कानाच्या पडद्याला भोक पाडणारा, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खोलीत. माणसं लॅपटॉप छातीशी धरून जिना उतरू लागली. ही उलटी वर धावली. वाटेत तिला तारवाले सर भेटले. दोन्ही हातांत, तान्हं मूल धरावं तशी, टोपी.

"सर, चिंगी?"

"अं? आतच असेल," सर म्हणाले. "तालीम आहे हो, घाबरू नका." आणि टोपीला जिन्याच्या कठड्याचा धक्का लागणार नाही अशा बेताने खाली गेले.

खोलीत भोंगा डोक्यावरच लावलेला होता. त्या आवाजात उभं राहवेना. आणि चिंगी त्याच्या बरोबर खाली, मुठी उघड्या टाकून, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब, गाढ झोपली होती.

तिने तिला उचललं, खांद्यावर टाकलं, खाली आणलं. अंगणात सगळी संस्था जमलेली. भोंगा अजून चालूच. प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी, सगळ्यांनी कानांत बोटं घातली होती.

"बघा! बघा!" डॉक्टरसर ओरडून म्हणाले. "एवढ्या आवाजात! काय झोप आहे! याला म्हणतात स्थैर्य!"

आणि सगळे जवळ आले, वाकून बघू लागले, माना डोलावू लागले. कानांत बोटं घालून ती सगळी शिकलेली माणसं चिंगीच्या झोपेचं कौतुक करत होती.

चिंगीच्या आईने एकेकाच्या कानातल्या बोटांकडे बघितलं. तिला ओरडायचं होतं, पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू गेलं असतं?

दुसऱ्या दिवशी तिने तिघांना मीटिंगला बसवलं. तारीख पहिल्यांदाच पाळली गेली, कारण तिने प्रत्येकाला दाराशी उभं राहून आणलं.

"सर, चिंगीला ऐकू येत नाही असं मला वाटतं."

तारवाले सर म्हणाले, "टोपी नीट बसली होती ना?"

"टोपीचा काय संबंध, सर? मी घरचं सांगतेय. टोपी नसतानाचं."

"मग टोपी नसताना तुम्हाला कळलं कसं?"

तिने डॉक्टरसरांकडे बघितलं. ते मायेने हसत होते. असं हसणारा माणूस काही ऐकत नसतो, हे तिला आता कळू लागलं होतं.

"पहिलं बाळ आहे," ते म्हणाले. "पहिल्या बाळाला सगळंच होतंय असं वाटतं आईला. डेटा बघा ना तिचा. शंभर टक्के नॉर्मल."

"सर, नॉर्मल कशाला म्हणायचं ते आपण तिच्यावरूनच ठरवलंय! फुटपट्टीला त्याच फुटपट्टीने मोजलं तर ती चुकणार कशी?"

"एका बाळावरून असा निष्कर्ष काढता येत नाही हं," सरासरीबाई म्हणाल्या. "हे शास्त्रीय नाही."

"मॅडम, एका बाळावरच तर सगळं उभं आहे आपलं."

"ते वेगळं. ते निष्कर्षाला नाही, तुलनेला आहे."

डॉक्टरसरांनी पेन खाली ठेवलं. "एक सांगा. तुम्ही हे आई म्हणून बोलताय, की विद्यार्थिनी म्हणून?"

"दोघींपैकी जिचं ऐकून घ्याल तिच्या वतीने, सर."

तारवाले सर खोकले. मग तिने तो प्रश्न विचारला, जो खरं तर टोपी घालण्याआधी विचारायला हवा होता. "तिला घेताना तिचे कान कुणी तपासले होते?"

"ते यांनी बघितलं असेल," डॉक्टरसर म्हणाले. "खोलीत बाळांबरोबर हेच असतात."

"मी इंजिनिअर आहे हो! बाळ निरोगी आहे की नाही ते डॉक्टर बघणार ना?"

"माझ्याकडे तर बाळ आकडा होऊनच येतं," सरासरीबाई म्हणाल्या.

"आणि तुमच्या बाळंतपणाच्या रुग्णालयात?" डॉक्टरसरांनी तिलाच विचारलं. "तिथे करतातच की ही तपासणी."

करतात. पण चिंगी जन्मली तेव्हा तिथलं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. "तुम्ही तर त्या मोठ्या संस्थेत शिकता ना," नर्स म्हणाली होती. "मग काय, तिकडे होईलच सगळं."

तिकडे जेवून आली असेल. मटारचे दाणे तोंडात टाकत सासूबाईंनी सांगितलं होतं ते हेच, शब्दाला शब्द. फक्त उपाशी राहणारा पाहुणा कोण, तेवढं तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

संस्थेच्या समोर, रस्ता ओलांडला की, एक साधं रुग्णालय होतं. इतकं साधं, की संस्थेतलं कुणी तिथे कधी गेलं नव्हतं. तिसऱ्या खोलीत कान तपासणाऱ्या बाई बसत. त्यांनी चिंगीच्या डोक्याला तीन छोट्या तारा चिकटवल्या, कानात इवलंसं बोंड घातलं. चिंगी नेहमीप्रमाणे झोपली. त्या बाईंनी तिच्या झोपेचं कौतुक केलं नाही. इतक्या महिन्यांत असं न करणारं ते पहिलंच माणूस.

त्यांनी पडद्यावरच्या रेषा दोनदा तपासल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतंय हिला. अगदीच नाही असं नाही. श्रवणयंत्रं लावू, फायदा होईल. पण आता वेळ घालवायचा नाही. या वयात कानावर शब्द पडले नाहीत तर पुढे बोलणं अवघड होऊन बसतं."

"हो."

"आवाजाला प्रतिसाद देत नाही, हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?"

"घरात... आत्ता आत्ता," चिंगीची आई म्हणाली. मग तिला खोटं बोलवेना. "पडद्यावर पहिल्या दिवसापासून दिसत होतं."

"कुठल्या पडद्यावर? काय करता तुम्ही?"

"मी शिकतेय. तान्ह्या बाळांचा मेंदू आवाजाला कसा प्रतिसाद देतो, यावर."

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या चिंगीला मांडीवर घेऊन नुसत्या थोपटत राहिल्या. "मी थट्टेत म्हणाले होते गं सासऱ्यांचं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या घरात कुणाचाच काळ वेगळा नव्हता.

संस्थेत सांगितलं तेव्हा मात्र वेगळीच मौज. डॉक्टरसर "अरेरे" म्हणाले. मनापासून म्हणाले, आणि मनापासूनच पुढे म्हणाले, "पण या मोजपट्टीवरचा आपला लेख तर छापायला गेलाय." सरासरीबाई म्हणाल्या, "आता हिच्यासारखी आणखी शंभर लागतील." आणि तारवाले सर? त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे टोपीला कळलं होतं!" ते म्हणाले. "बहिरेपण टोपीने बरोबर पकडलं, आपल्याच लक्षात आलं नाही! अहो, हा तर नवीन विषय झाला. याच्यावर दुसरा प्रबंध होईल!"

काही माणसं खड्ड्यात पडली की खड्ड्याची खोली मोजून घेतात. चिंगीच्या आईने त्यांच्याकडे बघून घेतलं. रागावण्याइतकंही तिथे काही शिल्लक नव्हतं.

"चिंगीची लहर मोजपट्टीतून काढा," ती म्हणाली. "आजच."

"काढू ना. समितीपुढे ठेवू."

"समितीचं नंतर बघू, सर. वॉर्डात टोपी चालू आहे, तिचं काय?"

कारण टोपी केव्हाच वॉर्डात पोचली होती. तिथे रोज बाळांना घालत होते, चिंगीशी ताडून बघत होते. चिंगीची आई नोंदी उघडून बसली. बहुतेक बाळांपुढे लाल दिवा, म्हणजे बिचारी ऐकत होती, दचकत होती, बाळासारखी वागत होती. लाल, लाल, लाल. आणि मध्येच एक हिरवा. लहर संथ, एकसारखी, कुठे खळगा नाही की उंचवटा नाही. नाव न सांगता कुणी दाखवली असती, तर ही चिंगीचीच लहर, असं ती म्हणाली असती. शेजारी शेरा: उत्तम झोप. घरी सोडलं.

"हे बाळ कुणाचं?" तिने विचारलं.

"ते कसं सांगणार?" डॉक्टरसर म्हणाले. "नावं झाकलेली असतात. खाजगीपणाचा प्रश्न आहे."

"कुणाच्या खाजगीपणाचा? त्याच्या आईला कळायला नको?"

"समिती ठरवेल ना. सुट्टीनंतर बसतेय समिती."

ती वॉर्डात गेली. तिथल्या नर्सबाईंनी डोकं खाजवलं. "एवढी येतात हो बाळं. रडकी लक्षात राहतात. शांत बाळ कोण लक्षात ठेवतं?"

सुट्टी संपली, समिती बसली, समितीने उपसमिती नेमली. उपसमितीत तीन विभागांचे तीन सदस्य आहेत. आता तीन म्हटलं की चिंगीच्या आईला सासूबाईंचे मटार आठवतात.

चिंगीला श्रवणयंत्रं बसली, बोराएवढी, कानामागे. पहिले काही दिवस चिंगी ती ओढून तोंडात घालायची. मग एका सकाळी ओट्यावरून तेच झाकण पडलं, फरशीवर गरागरा फिरलं. आणि चिंगी दोन्ही हात वर उडवून अशी दचकली, असं भोकाड पसरलं तिने, की सासूबाई आतून धावत आल्या.

"काय झालं? लागलं का?"

"नाही, आई. दचकली."

"दचकली?" सासूबाईंनी झाकण उचललं आणि डोळ्यांना पदर लावला. मग खात्री करायला पुन्हा खाली टाकलं. चिंगीने दुप्पट भोकाड पसरलं. त्या दिवसापासून त्या घरात कुणाला धड झोप नाही. दाराची कडी वाजली, चिंगी उठते. नवरा शिंकला, चिंगी उठते. सासूबाई म्हणतात, "हिच्यापुढे श्वास घ्यायची चोरी झाली," आणि सगळ्यांना सांगत सुटतात. संस्थेच्या हिशोबाने चिंगी आता अस्वस्थ बाळ आहे. टोपी घातली तर लाल दिवा लागेल. जिन्यातला फोटो मात्र अजून तसाच आहे.

आणि ते दुसरं बाळ सापडलेलं नाही. ते कुठल्या तरी घरात, हिरव्या दिव्याचं कौतुक घेऊन, शांत झोपलेलं असणार. त्याची आई शेजारणींना सांगत असणार की आमच्या बाळाचा कसला त्रासच नाही.

तेव्हा आता तुम्ही. तुमच्या घरी, शेजारी, बहिणीकडे, वहिनीकडे, कुणाकडे असं गुणी बाळ आहे का, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की डोक्याशी ढोल वाजवला तरी उठणार नाही? असेल तर हसून सोडून देऊ नका. जा त्याच्याकडे. जागं असताना मागे उभे राहा, दिसणार नाही असे. पलंगाला धक्का नको, टाळी नको, टाळीचा वारा लागतो. नुसती हाक मारा. नाहीच वळलं तर आजच्या आज त्याला कान तपासायला न्यायला लावा. वळलं तरी त्याच्या आईला विचारा, कान कुणी तपासले होते? "तिकडे झालं असेल," असं ती म्हणाली, तर तिथून हलू नका. कुठे, केव्हा, कुणी, ते विचारा. रागावेल ती, रागावू द्या. म्हणेल, तुमचा काळ वेगळा होता.

पण एवढं बघून या.